बीजग्रंथींचा कारभार : संप्रेरकांच्या तपासण्या कशासाठी?

अपत्यप्राप्ती न झालेले दांपत्य, पाळी बंद झालेली तरुणी किंवा वयात येण्यास विलंब झालेला मुलगा उपचारासाठी आला, की डॉक्टर रक्तातील अनेक संप्रेरकांच्या तपासण्या सांगतात. दोष बीजग्रंथीत असेल, तर मेंदूतील ग्रंथीची तपासणी कशाला, असा प्रश्न कुटुंबीयांना पडणे स्वाभाविक आहे.

स्त्रीचे बीजकोश आणि पुरुषाचे वृषण यांत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही स्टेरॉइड संप्रेरके तयार होतात. त्यांचा कच्चा माल एकच, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. मात्र या ग्रंथी स्वयंशासित नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सोडतो. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही संप्रेरके रक्तात येतात आणि बीजग्रंथींना कामास लावतात.

बीजकोशात हे काम दोन प्रकारच्या पेशी वाटून घेतात. बीजपुटकाच्या बाहेरील थरातील पेशी एलएचच्या आज्ञेने अँड्रोजेन बनवतात, तर आतील पेशी एफएसएचच्या प्रभावाने त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. म्हणजे ज्याला आपण पुरुषी संप्रेरक म्हणतो, त्याच्यावाचून स्त्रीत्वाचे संप्रेरकही घडत नाही. पुरुषात एलएचमुळे वृषणातील लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन निर्माण करतात.

निर्मिती पुरेशी झाली, की हीच स्टेरॉइड संप्रेरके मेंदूकडे परतून वरून येणाऱ्या आज्ञा कमी करतात. रोगनिदानाची किल्ली येथेच आहे. इस्ट्रोजेन कमी आणि एफएसएच बरेच वाढलेले आढळले, तर मेंदू आज्ञा देत आहे, पण बीजकोश प्रतिसाद देत नाही, असे समजते. दोन्ही कमी असतील, तर बहुधा आज्ञाच पोहोचत नसते. लक्षण एकच, पण उपचार भिन्न. दुसऱ्या प्रकारात बाहेरून संप्रेरके देऊन अनेकांना मातृत्व वा पितृत्व लाभू शकते. पहिल्या प्रकारात तशी आशा कमी असली, तरी हाडांच्या रक्षणासाठी इस्ट्रोजेन देणे सहसा आवश्यक ठरते.

शरीर कमावण्यासाठी वैद्यकीय सल्ल्यावाचून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हा नियम विशेष ध्यानात घ्यावा. बाहेरून आलेले संप्रेरक पाहून मेंदू एलएच व एफएसएच रोखतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसते, पण वृषणातील त्याची पातळी घसरते आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते वा थांबते. इंजेक्शने बंद केल्यावर ती बहुधा पूर्ववत होते, परंतु त्यास अनेक महिने लागू शकतात.

मेंदूतील या संप्रेरकांच्या संशोधनासाठी गिलेमिन व शॅली यांना आणि अत्यल्प संप्रेरक मोजण्याच्या पद्धतीसाठी रोझलिन यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या मोजमापामुळेच आज रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून दोषाचे स्थान शोधता येते.

म्हणूनच तपासणी पती व पत्नी दोघांचीही व्हावी, अशी कुटुंबीयांना विनंती आहे. केवळ स्त्रीस दोष देण्यास शास्त्राचा आधार नाही. देणगीदारांच्या साहाय्याने चालणारी धर्मादाय प्रयोगशाळा गरजू कुटुंबांना अंदाजाऐवजी निश्चित निदान देते, आणि योग्य उपचारांची वाट तेथूनच सुरू होते.