विधिमंडळातली उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी चालतो. निवडणुकीस उभा राहतो तोही उमेदवार आणि वकिलाच्या किंवा सुताराच्या हाताखाली काम शिकतो तोही उमेदवार. ह्या दोन उमेदवारांची गाठ एकाच कचेरीत पडावी, अशी सोय काही लोकशाही देशांनी केली आहे. लोकप्रतिनिधीच्या कचेरीत कॉलेजच्या विद्यार्थ्याने काही आठवडे किंवा महिने काम करावयाचे, अशी ती पद्धत. अमेरिकेत ती चांगली रुजली आहे. म्हणून तिचाच दाखला घेऊ.

अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद आहेत व सिनेटमध्ये १००. प्रत्येकास वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्र कचेरी व पगारी सेवकवर्ग असतो. त्यांच्या जोडीला विद्यार्थी घेतात, त्यांस तिकडे ‘इंटर्न’ म्हणतात. टेलिफोन घेणे, मतदारांची पत्रे विषयवार लावणे, गावाकडून आलेल्या पाहुण्यांस कॅपिटॉलची इमारत दाखविणे, समितीच्या बैठकीत बसून टिपणे काढणे, ही त्यांची कामे. सिनेटर, मंत्री, सेनापती ह्यांची भेट होते ती बहुधा अशा कामाच्या ओघात. जिन्यात, बोळात, नाहीतर कागद पोहोचविताना.

अशा भेटीची किंमत किती? बिल क्लिंटन ह्यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९६३ च्या जुलैमध्ये, सोळा वर्षांचे असताना, विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्याबरोबर ते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि अध्यक्ष केनेडी ह्यांच्याशी त्यांनी हस्तांदोलन केले. ते छायाचित्र पुढे जगभर गाजले. परंतु १९६६ साली, जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असता, ते सिनेटर फुलब्राइट ह्यांच्या परराष्ट्र-संबंध समितीत कारकून म्हणून लागले, त्याचे छायाचित्र कोणाच्या डोळ्यांपुढे नाही. त्याच वर्षी त्या समितीने व्हिएतनामच्या युद्धाची जाहीर चौकशी चालविली होती. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षास सिनेटर अडचणीचे प्रश्न कसे विचारतो, हे तेथे जवळून कळण्यासारखे होते. हात मिळविणे क्षणाचे. मेजाशी बसून काम करणे हे शिक्षण. आणि दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती कारकुनी पगारी होती आणि शिक्षण पुरे करण्यासाठी क्लिंटन ह्यांस त्या पैशाची गरज होती.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे निवेदने घेऊन पुष्कळ दारांशी उभी राहिलो आहोत. त्या अनुभवावरून सांगतो, मोठा माणूस सगळे कागद वाचीत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो. कोणता कागद वर ठेवायचा, कोणता गठ्ठ्यात बांधायचा, कोणाचा टेलिफोन आत द्यायचा, हे बाहेरच्या खोलीत ठरते. तेथे बसलेल्या मुलाने गिरणीचा भोंगा कधी ऐकला असेल, घरात महिनाअखेरीची ओढाताण पाहिली असेल, तर थकलेल्या पगाराच्या अर्जाचा अर्थ त्यास चटकन कळतो. म्हणून त्या खुर्चीवर कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी बसते हा प्रश्न लहान नाही.

येथेच ह्या पद्धतीचे दुखणे आहे. अमेरिकेत कित्येक वर्षे बहुसंख्य इंटर्नना काहीच वेतन नसे. वॉशिंग्टनसारख्या महागड्या शहरात भाडे भरून, घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ज्यास परवडेल त्यानेच यावे, असा त्याचा अर्थ होई. नियमात कोणासही मज्जाव नव्हता. पण खिसा दाराशी अडवीत असे. पुढे तरुणांनीच संघटितपणे हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ साली काँग्रेसने इंटर्नांच्या वेतनासाठी प्रतिनिधिगृहास ८८ लक्ष व सिनेटला ५० लक्ष डॉलर मंजूर केले. प्रतिनिधिगृहातील एका कचेरीच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २०,००० डॉलर आले. रक्कम फार नव्हे. पण काम हे काम आहे आणि कामास दाम आहे, हे तत्त्व मान्य झाले.

त्याच गृहाने मे २०२२ मध्ये आपल्या सेवकवर्गास संघटना करण्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये बहुमत बदलताच तो नव्या नियमांनी अमान्य केला. देशासाठी कायदे करणाऱ्या घरातही हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा झाला असे नाही, हा धडा त्या कचेऱ्यांतल्या तरुणांस कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट मिळाला असेल.

आपल्याकडे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी विधिमंडळाचे वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग भरविते. पीठासीन अधिकारी, मंत्री, आमदार तेथे येऊन बोलतात. ज्या पागे ह्यांचे नाव केंद्रास आहे, ते विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेचे जनक. त्या योजनेचा कायदा १९७७ साली झाला. मागेल त्याला काम, आणि कामाला मजुरी, हे त्याचे सूत्र. अभ्यासवर्गातून विधिमंडळाची ओळख होते. ती पुरती व्हावयाची तर कचेरीतल्या कामाचाही अनुभव हवा आणि तो ह्याच सूत्राने, मजुरीसह, दिला गेला पाहिजे.

आता आपल्या मुलामुलींस अशी संधी आली, तर त्यांना एवढेच सांगून पाठवावे. ओळखीचा वशिला करू नका. मोठा माणूस व्यासपीठावर कसा बोलतो ते सर्वांस दिसते. शिपायाशी, टंकलेखिकेशी, फाटकाशी ताटकळलेल्या माणसाशी तो कसा बोलतो ते तुम्ही पाहा. त्याला एखादा प्रश्न विचारता आला, तर स्वतःच्या नोकरीचा न विचारता आपल्या गल्लीतला विचारा. आणि आलेला प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गरीब माणूस आपले खरे म्हणणे पुष्कळदा तेथे लिहितो.