जमिनीचे वर्ग आणि आलेखाचे खांब

आमचा सारा जन्म महसुलाच्या खातेवह्यांत गेला. तथापि भाचीच्या आलेख काढणाऱ्या टी-आय 84 गणकयंत्रापुढें आम्ही फसलों. 2015-16 च्या कृषिगणनेंत देशांतील शेंकडा सुमारें 68 खातीं एक हेक्टराच्या आंत, 18 एक ते दोन, 10 दोन ते चार व 4 चार ते दहा हेक्टरांचीं होतीं. दहावरील तुरळक, तीं सोडलीं. वर्गमध्य 0.5, 1.5, 3 व 7 पहिल्या यादींत, शेंकडेवारी दुसरींत भरली. 'विंडो'मध्यें प्रारंभ 0 व खांबाची रुंदी, म्हणजे एक्स-एस-सी-एल, 1 ठेविली. आयतालेख पाहतों तों दोन ते तीन हेक्टरांची जागा रिकामी! हें चित्र सभेंत दाखविलें असतें तर शेतकऱ्यांनीं आम्हांस हंसून हंसून बाहेर काढलें असतें.

यंत्र सर्व खांब एकाच रुंदीचे काढतें. सरकारी वर्ग मात्र 1, 1, 2 व 6 हेक्टर रुंद. म्हणून 3 चे जागीं 2.5 व 3.5 लिहिले, 7 चे जागीं 4.5 पासून 9.5 पर्यंत सहा मध्य. 4 चे सहा पूर्ण भाग होईनात, तेव्हां सारे आंकडे तिप्पट केले: 204, 54, मग दोनदां 15, मग सहा वेळां 2. वर्गाच्या पोटांत खातीं सारखीं विखुरलीं आहेत, एवढें यांत गृहीत धरलें आहे. 'झूमस्टॅट' मात्र दाबूं नये. तें रुंदी आपल्याच मनानें ठरवितें. आतां खांब उजवीकडे एकसारखे उतरत गेले, मध्यें खिंड उरली नाहीं.