लेखणीसाठी सोडलेल्या नोकऱ्या

नियतकालिकांस लेख पाठवून संसार चालवू पाहणाऱ्या माणसास एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘ते सगळे ठीक, पण आपण करता काय?’ संपादकीय मेज लाभण्यापूर्वी काही वर्षे मीही तो ऐकला आहे. लेख छापून येई, अंक घरपोच होई. मानधन मात्र तीन-तीन महिने येत नसे. वाण्याचा हिशेब काही तितके थांबत नसे. अशा दिवसांत कोलकात्याच्या एका मराठी पत्रकाराचे चरित्र मला धीर देई. त्यांचे नाव सखाराम गणेश देउस्कर.

देउस्करांचे घराणे मूळचे कोकणातले. सखारामांचा जन्म 1869 साली देवघरजवळच्या करौं गावी झाला. हा भाग आज झारखंडात आहे. आई लहानपणीच निवर्तली. मराठी साहित्याची जाण असलेल्या विधवा आत्याने त्यांना वाढविले. घरात मराठी, बाहेर बंगाली, अशा दुहेरी संस्कारांत ते लिहू लागले. 1893 साली ते देवघरला शिक्षक झाले आणि कोलकात्याच्या ‘हितवादी’ साप्ताहिकात बाहेरून लेख पाठवू लागले. आज ज्यास आपण मुक्त पत्रकारिता म्हणतो, ती हीच.

तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी टीका केली, तेव्हा लेखन थांबविले नाही तर नोकरी जाईल, अशी धमकी आली. देउस्करांनी शाळा सोडली आणि कोलकाता गाठले. ‘हितवादी’त त्यांना काम मिळाले ते मुद्रितशोधकाचे. ज्याचे लेख त्या पत्रात छापून येत होते, तोच आता इतरांच्या लेखांतील चुका सुधारू लागला. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. पुढे ते त्याच पत्राचे संपादक झाले.

ज्या शहरात ते लिहीत होते, त्याचाही विचार करावा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याने 1742 साली खंदक खणला होता, आणि ‘बर्गी’ म्हणजे मराठे स्वार यांचे भय बंगाली अंगाईगीतांत उतरले होते. त्याच शहरात देउस्करांनी 1902 साली शिवाजी उत्सव सुरू केला. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी 1904 साली रवींद्रनाथांनी कविता लिहिली. वाचकाच्या मनातील जुने भय ठाऊक असलेल्या माणसाने त्याच्याच भाषेत लिहावे, म्हणजे काय घडू शकते, याचा हा दाखला होय. त्याच वर्षी त्यांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. परकीय राजवटीत देशातील उद्योग कसे बुडाले, हे त्यात आकडेवारीनिशी मांडले होते. मराठी घरात जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी पुढे ते हिंदीत आणले.

1907 साली सुरतेस काँग्रेस दुभंगली. टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहावा, असा मालकांचा आग्रह झाला. देउस्करांनी संपादकपद सोडले. मग ते राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या महाविद्यालयात शिकवू लागले. 1910 साली सरकारने ‘देशेर कथा’ जप्त केले. 1912 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, करौं येथेच त्यांचे निधन झाले.

ही कथा सुखान्त नाही, आणि ती तशी रंगवू नये. लेखणीच्या स्वातंत्र्याची किंमत लिहिणाऱ्याबरोबर त्याचे घरही मोजते. म्हणून या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना माझे सांगणे इतकेच : मानधनाचा शब्द लेख देण्यापूर्वीच पक्का करून घ्यावा, एकाच पत्रावर विसंबू नये, आणि मुद्रिते तपासणे, अनुवाद, अध्यापन यांपैकी एखादे काम हाताशी ठेवावे. देउस्करांच्या हाती अशी कामे होती, म्हणूनच एक दार बंद झाल्यावर ते दुसरे ठोठावू शकले.

मुक्त पत्रकार म्हणजे नोकरी नसलेला माणूस, असे आपण समजतो. देउस्करांना तर नोकऱ्या होत्या. वेळ आली तेव्हा त्या सोडता आल्या, एवढाच त्यांच्या मुक्ततेचा अर्थ. ‘आपण करता काय?’ या प्रश्नाने आता मी पूर्वीसारखा खजील होत नाही.