कॅरोलीन इंगल्सचा संसार

मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जे काही वाचले ते कामगार संघटनेच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. त्यामुळे पुस्तक हाती आले की माझी नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते : या घरात राबते कोण, आणि नाव लागते कोणाचे?

अमेरिकेतील लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंची ‘लहान घरा’ची आठ पुस्तके मी अशीच वाचली. १९३२ ते १९४३ या काळात ती निघाली. त्यांत तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या बालपणाची हकीगत आहे. लॉराचा बाप चार्ल्स गाडी हाकतो, शिकार करतो, रात्री व्हायोलिन वाजवतो. वाचक त्याच्यावर लुब्ध होतात, मीही झालो. आई मात्र मागे, चुलीपाशी, शांत. मला आज सांगायचे आहे ते या आईविषयी.

कॅरोलीन क्विनर १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मली. ती लहान होती तेव्हाच तिचा बाप मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेला. विधवा आईने मुले वाढविली. कॅरोलीन शिकली, शाळेत शिकवू लागली आणि १८६० साली तिने चार्ल्स इंगल्सशी लग्न केले. मुली चार झाल्या : मेरी, लॉरा, कॅरी आणि ग्रेस. एक मुलगाही झाला, त्याचे पुढे सांगतो.

त्या काळी अमेरिकेत १८६२ चा जमीन कायदा होता. अर्ज करणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन मिळे. अट अशी की पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी. सहा महिन्यांहून अधिक काळ जागा सोडली तर हक्क गेला. अविवाहित स्त्री अर्ज करू शके, विधवा करू शके. परंतु नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला सामान्यतः तो अधिकार नव्हता, कारण कुटुंबप्रमुख नवरा! आता गंमत पाहा. पहिली पिके हाती येईपर्यंत पोट भरायचे म्हणून नवरा मजुरीसाठी बाहेर जाई. मागे बायकोमुले त्या झोपडीत राहिली म्हणजे वहिवाट चालू राही. म्हणजे जमीन राखायची बाईने आणि कागद व्हायचा बुवाच्या नावाने.

ही जमीनही मुळात रिकामी पडलेली नव्हती. १८६९ च्या सुमारास इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये जाऊन राहिले, ती भूमी ओसेज या मूळ रहिवाशांची होती. तेथून १८७१ साली त्यांना माघारी यावे लागले. दुसऱ्याच्या वाट्याची जमीन फुकट घ्यायला निघालेल्या गरिबांची ही कथा आहे, हे विसरून ती वाचू नये.

१८७४ मध्ये ते मिनेसोटात आले. गहू उभा राहिला आणि टोळधाड उतरली. त्या प्रांतात ही धाड १८७३ पासून १८७७ पर्यंत चालू होती. (तो टोळ पुढे समूळ नाहीसा झाला, जिवंत असा तो १९०२ नंतर कोणी पाहिलेला नाही.) चार्ल्स पूर्वेकडे कापणीच्या मजुरीस पायी गेला. कॅरोलीन मुलींसह मागे. १ नोव्हेंबर १८७५ रोजी तिला मुलगा झाला, आणि त्याच महिन्यात, सरकारी मदतीचे पीठ मिळावे म्हणून, आपण पूर्ण निर्धन आहोत अशा कागदावर चार्ल्सने सही केली. हा कागद पुस्तकात नाही. स्वावलंबी बापाच्या चित्रात तो बसला नसता.

तो मुलगाही पुस्तकात नाही. १८७६ साली जमीन विकून ते आयोवाकडे निघाले, आणि वाटेत ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांचे ते पोर गेले. बर ओक नावाच्या गावी नवराबायकोने एका हॉटेलात काम धरले. स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांची उठबस. मुलीही हाताखाली होत्या. तेथल्या एका डॉक्टरच्या बायकोने लॉराला दत्तक मागितले. कॅरोलीनने नकार दिला. शेवटी भाडे थकले आणि रातोरात गाव सोडावे लागले. लॉराने हे सारे १९३० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मचरित्रात नोंदविले. ते छापून आले २०१४ साली. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून बर ओक हे गावच गळाले आहे.

१८७९ साली थोरली मेरी आजाराने आंधळी झाली. त्याच वर्षी चार्ल्सला डाकोटात रेल्वेच्या कामावर हिशेबनीसाची नोकरी लागली. मजुरांचा हजेरीपट तो ठेवी. असे हजेरीपट मी जन्मभर चाळले आहेत. घरी रांधणाऱ्या बाईचे नाव त्यांत कधी सापडले नाही. पुढच्या वसंतात डी स्मेट हे नवे गाव वसू लागले. जमिनीच्या शोधात आलेल्या लोंढ्यांना कॅरोलीन जेवू घालू लागली. जेवणाचे २५ सेंट, असा दर पुस्तकात दिला आहे. खानावळ चालविणे म्हणजे किती वाजता उठणे, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

१८८०-८१ च्या भयंकर हिवाळ्यात आगगाड्या महिनोन् महिने बंद पडल्या. गहू कॉफीच्या चक्कीत दळून, गवताचे पेंढे पिळून जाळून दिवस काढले. ते पुस्तक मुद्दाम वाचावे. मात्र आत्मचरित्रात असेही आहे की, त्या घरात एक तरुण जोडपे तान्ह्या मुलासह हिवाळाभर राहिले होते, आणि त्यांचा कामाला हात लागत नव्हता. कादंबरीत ते वगळले आहे. कॅरोलीनच्या चुलीवर प्रत्यक्षात आणखी तोंडे होती, एवढाच त्याचा अर्थ.

तिचा एक हट्ट मात्र चालला. चार्ल्सला आणखी पश्चिमेस जायचे होते. मुलींचे शिक्षण व्हायचे आहे, म्हणून ती डी स्मेटच्या पुढे हलली नाही. १८८१ मध्ये मेरी आयोवातील अंधांच्या शाळेत गेली. फी प्रांतिक सरकारने भरली, कपडेलत्ते आणि प्रवास घरच्यांनी. लॉरा दिवसाला २५ सेंटांवर शर्ट शिवू लागली, आणि सोळावे लागण्याआधीच शाळा शिकवू लागली.

जमिनीचा कागद १८८६ साली चार्ल्सच्या नावे झाला. १८९२ मध्ये ती विकलीही गेली. १९०२ साली तो वारला. त्यानंतर बावीस वर्षे कॅरोलीन आणि मेरी गावातल्या घरात राहिल्या. खोल्या भाड्याने देत, आणि मेरी घोड्यांसाठी माशा वारणाऱ्या जाळ्या विणून विकी. एप्रिल १९२४ मध्ये कॅरोलीन गेली. लॉराचे पहिले पुस्तक निघाले ते त्यानंतर आठ वर्षांनी. हिवाळ्यात पांढरे पडणाऱ्या लोण्याला रंग यावा म्हणून आई गाजर किसून घालते, हे त्यात आले आहे.