रक्त तुऱ्याकडे, आतडी वाऱ्यावर

उन्हाळा तापला की पोल्ट्रीतले पक्षी दगावल्याच्या बातम्या येतात, भरपाईच्या मागण्याही होतात. मरण्याआधी त्या पक्ष्यांच्या पोटात काय चाललं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. त्यातून अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास. मग ती धापा टाकते आणि रक्त तुरा, पाय, कातडीकडे वळवते. ते काढलं जातं पोटातून. पेठा, यकृत, आतडी यांच्याकडे जाणाऱ्या धमन्या आवळतात, प्राणवायू तुटतो, आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि जंतूंची विषं रक्तात झिरपू लागतात. पचनातूनही उष्णता निघते ती वेगळीच. म्हणून भर दुपारी खाद्य उचलून ठेवणारा पोल्ट्रीवाला शहाणा. रक्तच न पोचलेल्या आतड्यात रंगीबेरंगी टॉनिकं काय दिवे लावणार, हे मला कोडंच आहे.

रक्तापेक्षा मज्जातंतूंची गोष्ट रंगतदार. मेंदूकडून येणारी व्हेगस नस कापली तरी पेठ्याचं दळण मंदावतं, थांबत नाही. त्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं आहे. मॅरेक्स रोगात हीच व्हेगस सुजली की गळ्याखालची पिशवी फुगून लोंबते, दाणा तिथेच साचतो. शिवाय आतड्यालगत गुदद्वारापासून वर जाणारी, गाठीगाठींची रेमाकची नस. ती पक्ष्यांकडेच असते, आपल्याकडे नाही.

ही जाळी येतात कुठून? निकोल ल दुआरँ या फ्रेंच विदुषीने त्याचा छडा लावला, आणि त्यांची युक्ती मला आजही थक्क करते. जपानी लाव्याच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली चटकन वेगळं ओळखू येतं. अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या गर्भाचा कण बसवायचा आणि त्या पेशी कुठवर पोचल्या ते बघायचं, बस्स! 1973 साली त्यांनी आणि सहकारी तेये यांनी दाखवलं की मानेकडच्या पेशी आतड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करतात. शेपटाकडच्या पेशी फक्त शेवटच्या भागाला हातभार लावतात.

माणसाच्या गर्भातही असाच प्रवास होतो. तो अर्धवट राहिला तर बाळाच्या आतड्याचं शेवटचं टोक मज्जापेशींविना राहतं आणि शी अडते. हा हिर्शस्प्रुंगचा आजार. शल्यविशारद तेवढा तुकडा काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडतात.