डीसी-१०चं दार

तीन इंजिनांचं डीसी-१० विमान शेपटीवरून ओळखू यायचं. दोन इंजिनं पंखांखाली आणि तिसरं थेट शेपटीत. २९ ऑगस्ट १९७० रोजी ते पहिल्यांदा उडालं.

तीनच का? त्या काळी अमेरिकी नियमानं दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून तासाभराहून दूर जाता येत नसे. म्हणजे महासागर बंद. चार इंजिनांचं जम्बो खर्चिक. म्हणून हा मधला मार्ग. मॅकडॉनेल डग्लस आणि लॉकहीड या दोन्ही कंपन्या एकाच वेळी त्या वाटेनं निघाल्या आणि त्यांच्यात चुरस लागली.

मला मात्र इंजिनांपेक्षा या विमानाच्या सामानाच्या दाराची गोष्ट सांगायची आहे. उंचावर विमानात बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब जास्त असतो. दार आतून टेकणारं असलं, तर तोच दाब त्याला घट्ट दाबून धरतो. हे दार बाहेर उघडायचं. त्यानं आत जागा वाचायची. पण कड्या पुऱ्या बसल्या नसल्या, तरी जोर लावला की दांडा खाली यायचा आणि दार लागलंय असं वाटायचं. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरजवळ ते उडालं. खालची हवा निसटताच वरची, प्रवाशांच्या पायाखालची जमीन खचली. तिच्याखालूनच शेपटीकडं नियंत्रणाच्या तारा जात होत्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान डेट्रॉइटला उतरवलं. ६७ जण वाचले.

पंधरवड्यातच डॅन ॲपलगेट या अभियंत्यानं आपल्या वरिष्ठांना लिहिलं, की हे दार पुन्हा उघडणारच. पण सक्तीचा आदेश निघाला नाही. सरकारी प्रमुख आणि कंपनी यांच्यात समझोता झाला आणि दुरुस्तीची नुसती शिफारस गेली. कवितेत मी एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला, तर फार तर ओळ बिघडते. इथं ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसहून लंडनला निघालेलं टर्किश एअरलाइन्सचं विमान एर्मेनोनव्हिलच्या जंगलात कोसळलं. तेच दार, त्याच तारा. ३४६ माणसं गेली. कारखान्याच्या कागदावर त्या दाराची दुरुस्ती 'झाली' अशी नोंद होती. प्रत्यक्षात ती पुरी झालेलीच नव्हती.

मग मात्र सक्ती आली. १९७९ मध्ये शिकागोला इंजिन निखळून २७३ जण गेले. त्यात देखभालीतली हयगयही होती, पण बदनामी व्हायची ती विमानाचीच झाली. पुढं १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना समुद्र खुले झाले आणि तिसऱ्याची गरजच संपली. डीसी-१०मधून प्रवासी नेणारी शेवटची कंपनी होती बिमान बांगलादेश. तिनं फेब्रुवारी २०१४ मध्ये ते थांबवलं. या जातीतलं एक विमान मात्र 'ऑर्बिस' संस्थेनं उडतं नेत्रालय केलं होतं. ते २०१६ मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेत टुसॉनच्या संग्रहालयात गेलं.