पंडिताबाई आणि दोन बिशप

१८८५ सालची गोष्ट. पंडिता रमाबाई इंग्लंडात चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत होत्या, स्वतःही शिकत होत्या. दोनच वर्षांपूर्वी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला मात्र, मुंबई आणि लाहोर येथल्या बिशपसाहेबांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात हे बरे दिसणार नाही, तिथे बाईंचे वजन कमी होईल, ही त्यांची काळजी!

रमाबाईंना नवल वाटले. आपण किंवा आपल्या आईने तरुणांना शिकवण्याला ना वडिलांनी कधी हरकत घेतली ना पतीने, मग इंग्रजांनी का घ्यावी, असे त्यांनी पत्रात सरळ लिहिले. वडील कोण? अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून रानात संसार थाटलेले. बापाला जे भोवले तेच लेकीपुढे, समुद्रापलीकडे, नव्या धर्मात पुन्हा उभे!

आमच्या पालघर-बोईसरकडे हा इतिहास नुसता पाठ्यपुस्तकात राहत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे आणि कारखान्यांमुळे इथे नाना प्रांतांतले, नाना पंथांचे ख्रिस्ती आले. खाली वसईला तर मराठी बोलणारे कॅथलिक शतकांपासूनचे. रमाबाई शिकवताना एका मुलीने विचारले, “मॅडम, आमच्याकडे रविवारची शाळा बायकाच चालवतात, मग मोठ्यांपुढे प्रवचनाला बाई का नाही?” (माझ्यापुढे बाकांवर निम्मे मुलगे होते, हे जाता जाता सांगते.)

बायबल काय म्हणते? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषाला शिकवू नये असे स्वच्छ आहे. करिंथकरांनाही पौल सांगतो, सभेत स्त्रियांनी गप्प राहावे. पण मौज अशी की त्याच पत्रात तीन अध्याय आधी, प्रार्थना करणाऱ्या आणि ईश्वरी संदेश सांगणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे, असा नियम तो घालतो. गप्प बसणारीला हा नियम कशाला? रोमकरांच्या पत्रात फिबी नावाच्या बाईची शिफारस आहे. तिला लावलेला ग्रीक शब्द ‘डायकोनॉस’. पुरुषाला तो लागला की भाषांतरकारांना त्यात पद दिसते. फिबी मात्र पुष्कळदा नुसती सेविका राहते. मराठीच्या मास्तरणीला इथे राहवत नाही! आणि जुन्या करारातली दबोरा? ती तर लोकांचा न्यायनिवाडा करी. सेनापती बाराक तिच्यावाचून लढाईला निघायला तयार नव्हता.

परंपरेची बाजूही पोकळ नाही. येशूचे बारा प्रेषित पुरुषच होते. या आधारावर १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरुपद पुरुषांपुरतेच असल्याचे ठामपणे सांगितले. पुढे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी उपासनेत वाचन करण्याची अधिकृत नेमणूक स्त्रियांना खुली केली. प्रोटेस्टंटांत चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. स्वतंत्र मंडळ्यांत मात्र ज्याचा पाळक जसा, तसा नियम. ती मुलगी ज्या मंडळीत जाते तिथे तीमथ्याचेच वचन चालते.

रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. बायकांनी शिकवू नये, हे वचन त्यात आहेच. ते मराठीत लिहिले बाईंनी, आणि त्याचे खिळे जुळवले मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींनी.